सेइगोदादांची मागची सीट

सेइगोदादांच्या डाव्या हातातली ताकद गेली ती एका सकाळी, दुकानात चटईची कड शिवता शिवता. अर्धांगाचा झटका तसा हलका होता. पाय महिन्याभरात चालायला लागले, बोलण्यावर काही परिणाम झाला नाही. फक्त डावा पंजा मिटेना. डॉक्टर म्हणाले, थोडक्यात निभावलं. त्यांची धाकटी बहीण मिसाओ मला म्हणाली, "जीभ तेवढी धडधाकट राहिली बघ. आता ऐकायला घरात मी एकटीच."

हागिमोरींचं तातामी चटयांचं दुकान आणि आमचं तोफूचं दुकान समोरासमोर. मिसाओ आणि मी शाळेत एका बाकावर. चोविसाव्या वर्षी ती नवऱ्याचं घर सोडून परत आली आणि भावाबरोबर दुकानात बसली, ती आजतागायत. सेइगोदादांनी लग्नच केलं नाही. त्यांना चटया आणि मोटारसायकल सोडून तिसरं काही सुचायचं नाही.

मोटारसायकल म्हणजे चारशे सीसीची, लांबच्या प्रवासाची, पुढे वारा अडवणारी मोठी काच असलेली. पस्तीस वर्षांपूर्वी कोरी घेतलेली. क्लच डाव्या हाताचा; तेव्हा आता प्रश्नच मिटला. शहरातून जुन्या गाड्या विकत घेणारा एक जण आला. गाडीभोवती दोन चकरा मारल्या, टाकीवरचा गंज नखाने खरवडला आणि फार नम्रपणे म्हणाला, "फुकट घेऊन जाईन. वाहतुकीचे पैसे मागणार नाही."

मी तेव्हा त्यांच्याकडे तोफू द्यायला गेले होते. दादांचे कान लाल झालेले मला दिसले. मिसाओने त्या माणसाला चहा दिला, दारापर्यंत पोचवलं आणि परत येऊन म्हणाली, "मी चालवते."

"काय?" दादा म्हणाले.

"गाडी. माझ्याकडे लायसन्स आहे की."

"सत्तावीस वर्षं झाली त्याला! आणि तुझे पाय? पेडल राहू दे, जमिनीला तरी टेकतात का?"

"टेकतील," मिसाओ म्हणाली. "नाहीतर गाडी खाली आणू."

खरं तर तिची उंची माझ्या खांद्याइतकी. गाडीवर बसली की दोन्ही पायांची फक्त बोटं टेकायची आणि हँडल धरायला पुढे ओणवं व्हावं लागायचं. नव्या सीटसाठी, नव्या हँडलसाठी मोटारसायकलच्या दुकानदाराने फोनवर सांगितलेला आकडा ऐकून ती हसली आणि फोन ठेवला. चटयांच्या ऑर्डरी आता महिन्याला चार-पाच. लोक घरात लाकडी फरशी घालतात.

त्या शरद ऋतूत तिने दुकानाच्या मातीच्या जमिनीवर, गवताच्या भाऱ्यांशेजारी गाडी उभी केली आणि कामाला लागली. ब्रेकच्या नळ्या आणि टायर मात्र नवे आणले. "जिथे जीव टांगलेला, तिथे काटकसर नाही," ती म्हणाली. बाकी सगळं होतं त्यातून. सीट काढून तिचं आवरण उसवलं आणि आतला फोम चटया कापायच्या रुंद सुरीने थर थर करून तासला. चार बोटं खाली आणि पुढच्या बाजूला निमुळता, म्हणजे मांड्या फाकणार नाहीत. स्टेशनजवळचा बार बंद पडला होता, त्यातल्या सोफ्याचं मरून रेक्झिन तिने मागून आणलं. चटईची कड शिवायची जाड सुई, मेणाचा दोरा आणि हाताला चामड्याचं कवच. तिचा टाका बघावा! मुंगीलाही शिरायला जागा नाही.

दादा उलट्या खोक्यावर बसून हुकूम सोडायचे.

"माझ्या गाडीला बारमधले कपडे चढवतेस?"

"तुझ्या गाडीला पस्तीस वर्षांत कोणी नवे कपडे घेतलेत का?"

"तो बोल्ट असा नाही पिळायचा. आधी हाताने, मग पान्याने. किती वेळा सांगू?"

"एकदाच सांग, दादा. सोळाव्यांदा नको."

मी समोरून ऐकत असायची. मला वाटतं, त्या दिवसांत दादांना हात गेल्याचं अर्धं विसरायला झालं होतं. बहीण कुठे चुकते हे बघायला ते सकाळी तिच्याआधी उठून बसायचे.

हँडल मिळालं ते कुरामोतोकडे. हा कुरामोतो ट्रॅक्टर, भातकापणीची यंत्रं दुरुस्त करतो. त्याच्या भंगारात एका जुन्या गाडीचं मागे वळलेलं हँडल पडलं होतं. ते लावल्यावर मिसाओ पहिल्यांदा ताठ बसली. "आता मी कुठेही जाईन," ती म्हणाली.

डिसेंबरात तिने कुरामोतोकडून मागच्या बाजूला लोखंडी पट्ट्या वेल्ड करून घेतल्या आणि त्यावर घरातल्या बिनपायांच्या बसक्या खुर्चीची पाठ बसवली. ती पाठ, तिच्याखाली जाड गादी आणि डाव्या बाजूला कोपरापासून मनगटापर्यंत हात टेकेल अशी खोलगट पट्टी. दादांना वाटलं, सामान बांधायची सोय.

"सामानाला गादी कशाला?" त्यांनी विचारलं.

"सामान नाही. तू."

दादा खोक्यावरून उठले. आत गेले आणि दार सरकवून घेतलं. त्यानंतर ते गाडीकडे फिरकलेच नाहीत. मिसाओ एकटीच काम करत होती. मी रस्स्यात शिजवलेलं गरम ओदेन घेऊन गेले, तर म्हणाली, "मी विचारायला हवं होतं गं. त्याच्या गाडीवर त्यालाच मागे बसवते म्हटलं."

"मग काढून टाकतेस?"

"नाही. गादी फार छान झालीय."

मार्चमध्ये सरकारी तपासणीचा दिवस आला. ती पार केल्याशिवाय गाडी रस्त्यावर आणता येत नाही. एजंटला पैसे देण्यापेक्षा स्वतः न्यायची असं तिने ठरवलं. मी तोफूची व्हॅन काढली, कुरामोतोने फळी लावून मोटारसायकल आत चढवून दिली. दीड तास व्हॅनभर पेट्रोलचा आणि सोयाबीनचा वास.

तपासणारा तरुण होता, बोलायला अदबशीर. त्याने दिवे बघितले, ब्रेक बघितले, नवी सीट दाबून बघितली आणि म्हणाला, "शिवण कोणाची हो? सुंदर आहे." मिसाओ लाजली. मग त्याने हँडलला टेप लावला. एकदा, दोनदा.

"माफ करा. कागदावर ब्याऐंशी सेंटिमीटर आहे. दोन सेंटिमीटर इकडेतिकडे चालतं. ही चौऱ्याऐंशीच्या वर जाते."

"बरोबर चौऱ्याऐंशी आहे! मी स्वतः मोजलंय."

"कशाने मोजलंत?"

मिसाओने मोजलं होतं चटईवाल्यांच्या बांबूच्या पट्टीने, वडिलांच्या हातची पट्टी. अठ्ठावीस तसू. तीन सेंटिमीटरचा एक तसू, म्हणून चौऱ्याऐंशी. पण आमचा तसू तीन सेंटिमीटरला किंचित जास्त असतो. चटईत तो किंचितपणा कडेत दडून जातो. इथे अठ्ठावीस वेळा जमून जवळजवळ एक सेंटिमीटर झाला होता.

"दुपारी चारच्या आत परत आणलीत तर आजच्या आज बघतो," तो मुलगा म्हणाला.

रस्त्यापलीकडे दिवे जुळवून देणारं एक छोटं गॅरेज होतं. तिथल्या म्हाताऱ्याकडून आम्ही लोखंड कापायची करवत मागून घेतली. मिसाओने दोन्ही मुठी काढल्या, स्विचची खोकी सैल करून आत सरकवली आणि हँडलच्या दोन्ही टोकांचा अर्धा-अर्धा सेंटिमीटर कापायला बसली. मी गाडी धरून उभी. थंडी होती, तिच्या नाकातून पाणी गळत होतं आणि पुसायला हात मोकळा नव्हता, म्हणून मीच रुमालाने पुसत होते. कापून, कानशीने घासून, मुठी परत बसवून आम्ही साडेतीनला रांगेत उभ्या. या वेळी मिसाओने म्हाताऱ्याचा स्टीलचा टेप लावून तीनदा मोजलं होतं.

"त्र्याऐंशी नऊ," मुलगा म्हणाला आणि शिक्का मारला.

घरी पोचलो तर दादा दुकानात बसलेले, खोक्यावर. जणू मधले तीन महिने रोज बसतच होते. (जेवायला, झोपायला एका घरात; पण दुकानाच्या त्या भागात त्या दिवसापासून ते फिरकले नव्हते.) मिसाओने कागद पुढे केला आणि तसूची गोष्ट सांगितली. दादा आधी गंभीर होते. मग त्यांचे खांदे हलायला लागले.

"बाबांनी तुला पहिल्या दिवशी काय सांगितलं होतं? चटई खोलीत बसली पाहिजे, पट्टीत नाही!"

"हसून घे. पास झाली ना?"

"झाली." ते उठून गाडीपाशी आले. मग मागच्या गादीवर उजवा हात फिरवून म्हणाले, "रविवारी ऊन पडणार आहे म्हणतात."

रविवारी दोघं निघाले. मी दारात उभी राहून हात हलवला. वीस मिनिटांत परत. दादांचा चेहरा पांढरा पडलेला. खाली उतरायला मी आणि मिसाओने मिळून हात दिला.

"मला जमायचं नाही," ते म्हणाले. "मागून रस्ता दिसत नाही. वळण येतं ते कळतच नाही. ब्रेक दाबायला पाय जातो तर तिथे काहीच नाही. माणूस आहे का पोतं?" मग खालच्या आवाजात म्हणाले, "भीती वाटली. या वयात."

मिसाओ हेल्मेट काढत होती. "मला पण वाटायची," ती म्हणाली.

"कधी?"

"अकरा वर्षं. दर रविवारी. तुझ्या मागे."

"मग यायचीस कशाला?"

"आई पाठवायची. म्हणायची, तू बरोबर असलीस की तो हळू चालवतो."

"चालवायचो का मी हळू?"

"छे! डोंगरात तर मी डोळे गच्च मिटून आईला शिव्या द्यायचे. म्हणून तर लायसन्स काढलं, म्हटलं मी पुढे बसते. तर तू चावीला हात लावू दिला नाहीस."

एवढं म्हणून ती हातमोजे झटकत राहिली. तिच्या बोलण्यात राग नव्हता. पण दादांना ते लागलं. मला आठवतं, ते दुकानाच्या पायरीवर बसले आणि बराच वेळ बुटाचे बंद एका हाताने सोडत राहिले. शेवटी म्हणाले, "एकदा सांगायचंस."

"तू ऐकलं असतंस?"

"नसतं," दादा म्हणाले.

पुढल्या आठवड्यात मिसाओने सीटच्या मागे, स्वतःच्या पाठीशी, एक मूठ बसवली. दादांच्या उजव्या हातासाठी. आणि त्यांना मागे बसायला शिकवलं. गाडी दुकानातच उभी, इंजिन बंद, आणि ही हेल्मेट घालून पुढे बसलेली.

"रस्ता बघायचा नाही. माझा खांदा बघ. खांदा झुकला की तूही तिकडेच झुक. विरुद्ध बाजूला ओढायचं नाही."

"आणि ब्रेक?"

"ब्रेक माझा."

"तू उशिरा दाबतेस."

"दादा."

"बरं. तुझा."

पहिल्यांदा ते बंदरापर्यंत गेले आणि आले. मग पुढच्या दीपगृहापर्यंत. मे महिन्यात डोंगरातल्या गरम पाण्याच्या झऱ्यापर्यंत. दादांची कुरकुर थांबली असं नाही. मिसाओ सांगते, गिअर बदलताना जरा खर्र झालं की मागून हेल्मेटवर टकटक होते. पण आता ते पाय दाबत नाहीत.

गेल्या शरदात दोघं समुद्राच्या कडेकडेने हागी गावापर्यंत जाऊन आले, वाटेत एक रात्र मुक्काम करून. परत येताना पाऊस लागला. रस्त्याकडेच्या विश्रामगृहात ते तास-दीड तास अडकले. तिथे सत्तरीचा एक जण आपल्या बायकोला घेऊन आला होता, त्याचीही गाडी जुनीच. बायकोच्या कमरेला त्रास. तो दादांच्या मागच्या सीटभोवती फिरला आणि ही कुठे मिळते म्हणून विचारलं.

"मिळत नाही," दादा म्हणाले. "माझी बहीण करते. तुमच्या बाईसाहेबांना इथे बसवा, माप घेऊ."

आणि त्या अनोळखी बाईला बसवून दादांनीच एका हाताने माप घेतलं. मिसाओने लिहून घेतलं. टेप स्टीलचा होता, सेंटिमीटरचा. ती सीट आता दुकानात अर्धी झालेली आहे, निळ्या रेक्झिनची. काल मी तोफू घेऊन गेले तेव्हा दादा उजव्या हाताने फोम तासत होते आणि मिसाओ खोक्यावर बसून म्हणत होती, "तिथे जास्त काढलंस. किती वेळा सांगू?"