रुमालाखालचा भाव

शेळीचा भाव आमच्याकडं तोंडानं ठरत नाही. मुरुमच्या बाजारात दोघं समोरासमोर उभे राहतात, हातांवर रुमाल पडतो आणि आत बोटं बोलतात. शेजारी उभ्या माणसालाही काही कळत नाही. मी शेळ्या राखणाऱ्याच्या घरातला, पुढं शेळ्यांचा व्यापारी झालो. शाळा सातवीत सुटली, पण रुमालाखाली मला कुणी हरवलं नाही, असं पाच वर्षांपूर्वीपर्यंत वाटत होतं.

त्या दिवशी हैदराबादच्या एका अडत्याशी सौदा चालला होता. आमचा माल तो पुढं जहाजानं आखातात पाठवणाऱ्यांना देतो. बोटं जुळली, सौदा झाला, तेवढ्यात त्याचा फोन वाजला. ऐकून घेतलं, हात परत आत घातला आणि ठरलेला भाव दोन बोटांनी खाली आणला. झालेला सौदा मोडणारा माणूस मी तोवर बघितला नव्हता. भर बाजारात रुमाल त्याच्या तोंडावर फेकला, बोलू नये ते बोललो. तेव्हापासून माल दुसऱ्यांच्या हातून पडेल भावात घालवला, पण त्याच्या दारात गेलो नाही. तो खोटा, मी खरा, एवढ्यावर पाच वर्षं काढली.

मुलगी धाराशिवला अर्थशास्त्रात एमए करते. यंदा तोंडी परीक्षेच्या आधी, जेवता जेवता तिनं मला धडा ऐकवला. जगात काही देश मधोमध बसलेत, बाकीचे कडेला. कडेचे कच्चा माल देतात, मधले तो पक्का करून परत विकतात आणि दोन्ही वेळचा भाव मधलेच ठरवतात. कडेचा देश मागं राहिलेला नसतो, मागं ठेवलेला असतो. शेळीचं कातडं इथून जातं आणि परदेशी पिशवी होऊन महागाच्या दुकानात येतं, हे उदाहरण तिनं माझ्यासाठी घातलं असावं. मला बरं वाटलं. एका तरी पुस्तकानं माझी बाजू घेतली होती.

"म्हंजे त्या अडत्यानंच लुटलं ना मला?"

"तो काय लुटंल, आप्पा. त्याला फोनवर सांगितलं, ते त्यानं तुमच्या हातात सांगितलं."

"मग मी कोण ह्या पुस्तकात?"

"तुम्हीबी त्याच साखळीत. वरून जेवढं दाबतात, तेवढं तुम्ही शेळीवाल्यांना दाबता."

ह्याच बोटांच्या कमाईवर शिकलीस, एवढंच म्हणालो आणि भरल्या ताटावरून उठलो.

पुढच्या बाजारी अडत्याकडं गेलो. म्हातारा झाला होता. त्या दिवशी फोनवर काय सांगितलं, ते सरळ विचारलं.

"जहाज रुका बोले, सेठ. क्यूं रुका, मेरेकू बी नै मालूम."

पाच वर्षं ज्याच्यावर डूख धरला, त्याला माझ्याएवढंच ठाऊक होतं. भांडायलासुद्धा कुणी उरलं नाही. आजचा भाव त्यानं फोनवर दाखवला, मी परत माझ्या जागेवर आलो.

एक म्हातारी दोन शेळ्या घेऊन आली. मी रुमाल खांद्यावरच ठेवला आणि देता येईल तो सगळा भाव तिला तोंडानं सांगून टाकला. आजूबाजूचे वळून बघायला लागले.

"मोठ्यानं का सांगताव, दादा? शेळीत खोट काढायची हाय का?"

हाच खरा भाव आहे, याच्या वर जागा नाही, असं मी समजावलं.

"खरा भाव कुणी वरडून सांगतं व्हय?" तिनं दोरी ओढली आणि शेजारच्या व्यापाऱ्यापुढं उभी राहिली. त्यानं लगेच रुमाल टाकला. बराच वेळ आत बोटं चालली. माझ्यापेक्षा बऱ्याच कमी भावात शेळ्या घेतल्याचं त्यानं मला नंतर हसत सांगितलं.

म्हातारी जाताना मुद्दाम माझ्यापुढं थांबली.

"बघा, रुमालात घेतला म्या भाव."

जिंकलेल्या माणसाचा चेहरा होता तो. माझ्या ओळखीचा. तसाच चेहरा घेऊन मी कितीतरी बाजार घरी गेलो होतो.