आत्याचा आठ बटनांचा बाजा

माझ्या आत्याएवढी हट्टी बाई अख्ख्या भिलाईत दुसरी नसेल. प्लांटमध्ये ती क्रेन चालवते, उंच केबिनमध्ये बसून पोलादाच्या लाद्या इकडून तिकडे हलवते. आणि घरी आली की चष्मा नाकाच्या शेंड्यावर आणून तळहाताएवढ्या जुन्या व्हिडिओ गेमचं पोट उघडून बसते. खेळायला नव्हे. खेळात तिला काडीचा रस नाही. पडद्यावरचा उड्या मारणारा माणूस पहिल्याच खड्ड्यात पडतो आणि ती म्हणते, "पडू दे त्याले. पडता पडता सूर कसा लावला, ते ऐक."

करड्या रंगाचे, सेलवर चालणारे, पाठीत कॅसेट खोचायचे हे गेम आमच्या लहानपणी ज्याच्याकडे असत तो गल्लीचा राजा. आत्या त्यांचं वाद्य करते. कडेला भोक पाडून जॅक बसवते, म्हणजे आवाज थेट मोठ्या स्पीकरला जातो. पडद्यामागे दिवा लावते. आणि गाणं रचायचा प्रोग्राम भरलेली कॅसेट घालते. त्यासाठी हथखोजच्या कबाड्याच्या भंगाराच्या पोत्यांत ती खांद्यापर्यंत हात घालते. एकदा चुलतभावासाठी मुलगी पाहायला आम्ही रुआबांध्याला गेलो, तर त्यांच्या शोकेसमध्ये हिला तसला गेम दिसला. मुलगी काय शिकली, स्वभाव कसा, सगळं राहिलं बाजूला. "हा चालू आहे का बंद?" एवढंच विचारलं तिनं. सोयरीक जुळली नाही. गेम मात्र आमच्यासोबत घरी आला.

माझ्या बाबांना, म्हणजे तिच्या मोठ्या भावाला, हा सगळा पोरखेळ वाटायचा. विहारातलं गायन मंडळ बाबांचं. ते पेटीवर बसले की ढोलकीवाला आपोआप ताठ होई. जयंतीच्या कार्यक्रमात मीही वाजवते, असं आत्या म्हणाली तेव्हा बाबांनी मानही वर केली नाही.

"बाई, विहारात पेटी वाजते, ढोलकी वाजते. खेळणं नाई वाजत."

"पेटी तरी कुठं झाडाले लागते, भाऊ? कोणीतरी बनवलीच ना?"

दर वर्षी ती विचारायची, दर वर्षी ते नाही म्हणायचे. मग बाबांना झटका आला आणि डावा हात गेला. पेटीचा भाता ओढणारा हात. चालणं सुधारलं, बोलणं सुधारलं. हात काही परतला नाही. बाबांनी पेटीवर चादर टाकली आणि विहाराकडे जाणंच सोडलं. मंडळाची माणसं बोलवायला आली की ते भिंतीकडे तोंड करून झोपल्याचं सोंग घेत.

आत्यानं सहानुभूतीचा एक शब्द काढला नाही. गेमला बटनं आठ. सा पासून वरच्या सा पर्यंत सूरही आठ. तिनं बटनांच्या तारा बाहेर काढल्या, जेवायच्या पाटावर पेटीसारख्या आठ रुंद पट्ट्या बसवल्या आणि तो पाट बाबांच्या खाटेवर ठेवला. "एका हाताचा आहे," ती म्हणाली. बाबांनी तो सरकवून दिला. दुसऱ्या दिवशी ड्युटी संपवून ती पुन्हा खाटेपाशी आली. तिसऱ्या दिवशीही. खाटेच्या कडेला बसून बाबांचंच गाणं त्यांच्यासमोर वाजवायची आणि इतकं वाईट वाजवायची की आई स्वयंपाकघराचं दार लावून घ्यायची. ते मुद्दाम होतं की तिला खरंच जमत नव्हतं, हे तिनं कधी सांगितलं नाही. शेवटी एक दिवस बाबा उठून बसले.

"गांधार कावून खाऊन राहिली तू? आणि इतकी घाई? गाणं आहे, मालगाडी नाई!"

"मंग तू लाव."

त्यांनी लावला.

जयंतीला दोघं विहारात शेजारी शेजारी बसली. आत्यानं बटन चालू केलं आणि गाण्याआधी गेमचा तो 'टिंग' स्पीकरमधून साऱ्या विहारात घुमला. समोरची पोरं खिदळली. बाबांचा चेहरा लाल झाला, ते उठायलाच निघाले. आत्यानं त्यांच्या सदऱ्याचं टोक धरलं. "बस. गाणं अजून सुरू नाई झालं."

बाबा बसले. त्यांचं बोट पट्ट्यांवरून हळूहळू चाललं, वरच्या सा पाशी जरा अडखळलं आणि मंडळाची माणसं थांबली. सूर आला तशी ढोलकी उठली. दुसऱ्या कडव्याला खिदळणारी पोरंच सगळ्यांत जोरात टाळ्या देत होती. घरी येताना बाबा एवढंच म्हणाले, "वरचा सा बारीक वाजते, बाई. भरदार कर."

बाबा जाऊन आता दोन हिवाळे झाले. त्या दिवशीचं त्यांचं वाजवणं आत्यानं कॅसेटमध्ये साठवून घेतलं होतं. मंडळ आजही ते गाणं त्यावरच गातं. परवा नवा गायक तिला म्हणाला की वरचा सूर उशिरा येतो, मशीनमध्ये दुरुस्त करून घ्या, दोन मिनिटांचं काम आहे.

आत्यानं तारा गुंडाळून ठेवल्या.

"तिथं भाऊ थोडा थांबते," ती म्हणाली. "तुमीबी थांबत जा."