लवकर आलेला डबा

गल्लीत तिला नावानं हाक मारणारं आता कोणी उरलं नव्हतं. ती भोंगेवाल्यांची सून. सासरा जाऊन जमाना लोटला, काचेच्या कारखान्याच्या धुराड्यात झाड उगवलं, पण ही आपली भोंगेवाल्यांची सूनच. बस थांब्यामागच्या अरुंद खोलीत ती बॅगांच्या चेनी दुरुस्त करायची. अडकलेली चेन हातात आली की आधी तिच्यावर मेणबत्ती घासायची, मग पकडीनं रनर जरासा आवळायची, आणि गिऱ्हाईक नवी बॅग घ्यावी का या विचारात असतानाच चेन सरसर चालायला लागायची. हाताला जितकी चलाख, तितकी बोलायला कंजूष. तुम्हीच ना त्या भोंगेवाल्यांच्या, असं कोणी विचारलं की ती भिंतीवरच्या फोटोकडे बोट दाखवायची. तेवढंच तोंड उघडायचं वाचायचं.

फोटो तुरुंगाच्या दारातला. पुढे ज्यांच्या हाती देशाचा कारभार आला ते मोठे पुढारी उभे आहेत आणि त्यांचा हात कोणाच्या तरी खांद्यावर आहे. ते कोणीतरी म्हणजे सासरे. फोटोवाल्यानं नेम पुढाऱ्यांवर धरलेला, त्यामुळे सासऱ्यांचा एक कान, अर्धा गाल आणि खांदा एवढंच काय ते इतिहासात शिरलं होतं. अख्ख्या घराण्याची अब्रू त्या एका कानाला लटकली आहे, असं ती मनात म्हणायची. मनातच, कारण नवऱ्याला ही थट्टा खपली नसती.

गोष्ट सगळ्यांना पाठ होती, शाळेच्या पुस्तकातही तिला चार ओळी होत्या. जुन्या सरकारच्या काळात कारखान्यात संपाची कुजबुज चालली होती. एक दिवस जेवणाच्या सुट्टीच्या बराच आधी भोंगा वाजला, माणसं फाटकाबाहेर आली. समोर बंदूकवाले शिपाई नुकतेच येऊन उभे राहत होते. अवेळी भोंगा म्हणजे संपाची खूण असं त्यांना सांगून ठेवलेलं. गोळ्या सुटल्या, सात माणसं जागच्या जागी गेली, आणि मग सगळा देश असा उठला की ते सरकार पुन्हा स्वस्थ झोपलं नाही. भोंगेवाल्याला कैद झाली. तो सुटला त्या दिवशी मोठे पुढारी स्वतः दारात आले आणि जमलेल्या हजारो लोकांना म्हणाले, या माणसाच्या भोंग्यानं देश जागा केला.

ही गोष्ट तिचा नवरा दरवर्षी स्मारकाच्या दिवशी सांगायचा, आणि दरवर्षी ती थोडी अंगानं भरायची. आधी वडिलांनी दोरी ओढताना डोळे मिटले होते. पुढच्या वर्षी ओठ हलले. शेवटी शेवटी तर वडील एक अख्खं भाषण करून मग दोरी ओढायचे. माणूस वाईट नव्हता. हातून फारसं काही झालं नाही, मग बापाच्या पुण्याईवर उभा राहिला, इतकंच. बॉयलर केव्हाच थंड झाला होता. स्मारक समितीनं विजेवर चालणारा भोंगा बसवून जुनी दोरी नुसती शोभेला ठेवली होती. दोरी ओढली की आत बटण दाबलं जायचं. नवरा मात्र ती अशी ओढायचा की जणू सगळी वाफ त्याच्याच छातीत आहे.

यंदा तो नव्हता. समितीचे चिटणीस तिच्या दुरुस्तीच्या खोलीत आले, खुर्चीच्या टोकावर बसले, आणि म्हणाले की आता दोरी तुम्हीच ओढायची, चार शब्दही बोलायचे. शिवाय स्मारकात काचेचं कपाट आलंय, त्यात भोंगेवाल्यांचा डबा ठेवायचाय. डबा तिच्या शिलाई यंत्राशेजारीच होता, जुने रनर आणि बिनदाती चेनी भरलेला. चिटणीस त्याच्याकडे देवाकडे पाहावं तसं पाहत राहिले. रिकामा करून देते, ती म्हणाली. ते गेल्यावर तिनं डबा उपडा केला आणि रनर जमिनीवर पसरलेले तसेच सोडून कितीतरी वेळ बसून राहिली.

कारण डब्याची खरी गोष्ट तिला ठाऊक होती. सासूबाईंनी शेवटच्या आजारपणात, अंग पुसून घेताना, भिंतीकडे तोंड करून सांगितली होती.

सासरे घड्याळ बघून भोंगा वाजवतच नव्हते. बॉयलरच्या खोलीतल्या घड्याळाच्या काचेवर सारखी वाफ धरायची, पुसून पुसून माणूस वैतागायचा. पण त्यांची बायको डबा घेऊन बरोब्बर सुट्टीच्या वेळेला त्या खोलीच्या दारात हजर व्हायची. वर्षानुवर्षं कधी मागेपुढे झालं नाही. कारखान्याचं घड्याळ चुकेल पण वहिनींचा डबा चुकायचा नाही, असं फोरमनसुद्धा म्हणायचा. मग सासऱ्यांनी घड्याळाचा नादच सोडला. डबा दारात दिसला की दोरी ओढायची, असा त्यांचा कारभार.

त्या दिवशी सासूबाईंनी रस्त्यावर ऐकलं की शिपाई येताहेत, वाट बंद होणार. वाट बंद व्हायच्या आत नवऱ्याच्या पोटात चार घास जावेत म्हणून त्या हातातलं काम टाकून लवकर निघाल्या. दारात डबा दिसला. सासऱ्यांनी मान वर केली आणि हाताच्या सवयीनं दोरी ओढली. हाक नाही, खूण नाही, जिवावर उदार होणं नाही. सासूबाई म्हणाल्या, “मी तोंड उघडेपर्यंत भोंगा वाजून गेला होता गं.” तुरुंगातून सुटल्यावर सासरे खरं सांगणार होते, पण सांगायच्या आधीच मोठ्या पुढाऱ्यांनी खांद्यावर हात ठेवला, आणि त्या हाताखालून ते पुढे कधी बाहेर आले नाहीत.

तिनं हे नवऱ्याला सांगितलं तेव्हा त्यानं आधी दार लावून घेतलं. मग म्हणाला, घरातलं घरात. मेलेली माणसं काही परत येणार नाहीत, जिवंत माणसांचा आधार कशाला काढून घ्यायचा? तिला ते पटलं होतं असं नाही. पण झाकली मूठ उघडायला जो जोर लागतो तो तिच्यात नव्हता, आणि संसार म्हटला की माणूस बऱ्याच मुठी झाकून ठेवतो.

आता ती मूठ तिच्या एकटीच्या हातात होती. स्मारकाचा दिवस उद्यावर आला होता, आणि पहिल्या रांगेत चष्मेवाला बसणार होता, तिच्या नवऱ्याचा बालमित्र, भिंतीला भिंत लागून असलेल्या घरातला. गोळीबारात त्याचा बाप गेला तेव्हा तो रांगत होता. समोर तो माणूस बसलेला असताना हाक आणि बलिदान असले शब्द आपल्या तोंडून निघणार नाहीत, हे तिला पक्कं कळून चुकलं. आणि खरं बोललं तर त्याचा बाप चुकून वाजलेल्या भोंग्यापायी, फुकट मेला, असं चारचौघांत सांगितल्यासारखं होईल. म्हणून तिनं ठरवलं की आधी त्याला एकट्याला सांगायचं. तो म्हणेल तसं उद्या करायचं.

चष्मेवाल्याची म्हातारी आई अजून होती. ती आणि सासूबाई म्हणजे गल्लीच्या थट्टेचा जुना विषय. डबा नेणं सुटल्यापासून सासूबाई कुठंही वेळेवर पोचायच्या नाहीत. लग्न लागून गेल्यावर जायच्या, गाडी सुटल्यावर स्टेशनात शिरायच्या, आणि घाई करायला सांगितलं की मुद्दाम बसून घ्यायच्या. चष्मेवाल्याची आई नेमकी उलटी. दुकान उघडायच्या आधी पायरीवर जाऊन बसायची, पहाटेच्या बससाठी आदल्या रात्रीपासून कपडे घालून तयार. दोघी म्हाताऱ्या एकत्र बांधल्या तर एक चांगलं घड्याळ होईल, असं लोक म्हणायचे आणि त्या दोघी सोडून सगळे हसायचे.

चष्मेवाला घराच्या पुढच्या खोलीतल्या दुकानात एकटाच होता. एका फ्रेमची दांडी गरम करून वाकवत होता. तिला बघून त्यानं स्टूल पुढे सरकवलं.

“भाऊजी, उद्या दोरी ओढायच्या आधी तुम्हाला एक सांगायचंय,” ती म्हणाली. “ऐकून मला दारातून हाकललंत तरी चालेल.”

मग तिनं सांगितलं. घड्याळावरची वाफ, डबा, बंद होणारी वाट, सगळं. आयुष्यात एका दमात ती इतकं कधी बोलली नव्हती. बोलताना त्याच्याकडे बघवेना म्हणून ती समोरच्या कपाटातल्या फ्रेम्सकडे बघत होती. तो ओरडेल, रडेल, निदान उठून जाईल असं तिला वाटलं होतं. त्यानं दांडी खाली ठेवली आणि एवढंच विचारलं, “म्हणजे भोंगा खरंच लवकर झाला होता? सुट्टीची वेळ झालीच नव्हती?”

“नव्हती. बराच वेळ होता अजून.”

“पुस्तकात आहे तसं, पण आई ते कधी मानायची नाही. ती म्हणायची, पुढारी मागाहून काहीही रचून सांगतात. भोंगा झाला तेव्हा भोंगेवाल्यांचा डबा पोचला होता, त्या डब्याची वेळ कधी चुकत नाही, चुकले ते मीच.” त्यानं फ्रेम बाजूला सारली. “शिपायांनी शिट्टी मारली तेव्हा बाकीचे पळाले, वहिनी. बाबा फाटकापाशी उभेच राहिले. बरोबरचे लोक सांगायचे, ते रस्त्याच्या टोकाकडे बघत होते. आई तिकडून डबा घेऊन यायची. ती अजून घरातच होती. भोंगा ऐकला आणि ती धावत सुटली. पोचली तेव्हा सगळं आटोपलं होतं. मला उशीर झाला म्हणून ते उभे राहिले, हेच ती आजपर्यंत म्हणते.”

तिला आधी नीट कळलंच नाही. मग कळलं. एका भिंतीच्या अलीकडे एक बाई आयुष्यभर लवकर गेल्याची शिक्षा भोगत होती, आणि पलीकडे दुसरी उशीर झाल्याची. अलीकडच्या बाईनं एकदा, फक्त एकदा भिंत ओलांडून दोन वाक्यं बोलायची होती. तिला सासूबाईंचा राग आला, नवऱ्याचा आला, आणि मग स्वतःचा इतका आला की तो कुठं ठेवावा ते सुचेना. सासूबाई गेल्या तेव्हा ही म्हातारी चांगली हिंडतीफिरती होती. रोज सकाळी दिसायची, बंद दुकानाच्या पायरीवर बसलेली.

“दरवर्षी तुमचा भोंगा झाला की ती पलंगावरून उतरायला बघते,” चष्मेवाला म्हणाला. “दोन माणसं लागतात धरायला. म्हणून मी कार्यक्रमातून लवकर उठतो. लोकांना वाटतं मला गहिवरून येतं.”

दोघं उठून आत गेली. मागच्या खोलीत म्हातारी उशीला टेकून बसली होती. केस विंचरलेले, अंगावर बाहेर जायचे कपडे. आता ती बरंचसं विसरली होती, मुलालासुद्धा कधी कधी ओळखायची नाही. भोंगेवाल्यांची सून तिच्या पायाशी बसली.

“मावशी, तुम्हाला त्या दिवशी उशीर झाला नव्हता. भोंगाच आधी वाजला. चूक आमच्या घरची होती.”

म्हातारीनं मान वळवली. “आधी वाजला?”

“हो. तुमची काही चूक नव्हती.”

म्हातारीच्या चेहऱ्यावर काहीतरी हललं. ओठ पुटपुटले. मग तिनं अगदी काळजीनं, शेजारणीला विचारावं तसं विचारलं, “मग ते जेवले का?”

चष्मेवाल्यानं आईच्या पायांवरचं पांघरूण उगाच सारखं केलं. भोंगेवाल्यांची सून उठली तेव्हा उद्या काय बोलायचं हे तिनं त्याला विचारलं नाही आणि त्यानंही सांगितलं नाही.

दुसऱ्या दिवशी फाटकासमोर खुर्च्या भरल्या होत्या. डबा काचेच्या कपाटात जाऊन बसला होता, लखलखीत घासलेला. चिटणिसांनी आभार मानले, मोठ्या पुढाऱ्यांचं ते वाक्य वाचून दाखवलं, आणि मनगटाकडे बघत तिला खूण केली. दरवर्षी भोंगा त्या दिवशीच्याच वेळेला वाजवायचा, सुट्टीच्या बराच आधी, असा समितीचा दंडक होता. तिनं दोरी हातात घेतली आणि नुसती धरून उभी राहिली.

खुर्च्यांवर चुळबुळ सुरू झाली. चिटणीस जवळ येऊन कुजबुजले, वहिनी, ओढा. वेळ टळतेय. तिनं मान हलवली आणि माईककडे तोंड नेलं.

“अजून वेळ झालेली नाही,” ती म्हणाली. “त्या दिवशीही झाली नव्हती. आमचा डबा लवकर आला होता, म्हणून भोंगा वाजला. बाकीच्या बायका अजून घरीच होत्या. त्यांच्यापैकी कोणालाही उशीर झाला नव्हता.”

एवढं बोलून ती थांबली. कोणाला काही कळलं, कोणाला नाही. मागे कोणीतरी रागानं उठलं, चिटणीस कपाळ पुसत काहीतरी सावरायला लागले, पण दोरी तिच्या मुठीत होती आणि ती सुट्टीची खरी वेळ व्हायची वाट बघत होती. पहिल्या रांगेतला चष्मेवाला उठला. तिच्याकडे बघून त्यानं मान हलवली आणि तो घराकडे चालू लागला. भोंगा वाजेल तेव्हा आईजवळ असायला अजून त्याच्या हातात वेळ होता.