सगळ्या रेडिओंना चालणारा डबा

इंदोरा वस्तीतल्या आनंदराव रामटेक्यांकडे रेडिओ दिला की तो दुरुस्त होऊन यायचाच. कधी यायचा, हे मात्र विचारायची सोय नव्हती. मनासारखं झाल्याशिवाय हा माणूस वस्तू हातातून सोडत नसे. सत्तर सालानंतरचे ते दिवस. ट्रान्झिस्टर घरोघर आला होता आणि त्याच्या सेलचा खर्च लोकांच्या जिवावर येत होता. माणसं गाणं अर्ध्यावर बंद करायची आणि सेल उन्हात वाळत घालायची, जणू कुरडयाच.

आनंदरावांनी त्यावर एक डबा काढला. विजेवर रेडिओ चालवणारे डबे बाजारात नव्हते असं नाही, पण प्रत्येक कंपनीच्या सेटचं पिन घालायचं भोक वेगळं. एकाचा डबा दुसऱ्याला लागेल तर शपथ. आनंदरावांनी भोकाचा नादच सोडला. सेलच्या मापाचे लाकडी तुकडे कापले, टोकांना पितळी चकत्या ठोकल्या, डब्यातली तार त्यांना जोडली आणि ते तुकडे सरळ सेलच्या जागी बसवले. सेट नावाजलेला असो की बिननावाचा, सेल घेतो ना? मग हे लाकडी सेलही घेणारच. किती सेलांचा रेडिओ आहे, तसा डब्यावरचा खटका फिरवायचा, बस.

डबा विकला म्हणजे संबंध संपला, हे त्यांना मान्य नव्हतं. संध्याकाळी मराठी बातम्यांच्या वेळी ते सायकल काढत आणि गल्ल्यांतून हळूहळू जात. घराघरांत एकच आवाज चाललेला असे. त्या आवाजामागे बारीक घूंऽऽ ऐकू आलं की समजायचं, इथला डबा बिघडायच्या वाटेवर आहे. मग ते बिनबोलावता घरात शिरत. "डबा द्या काकू, उद्या आनून देतो." काकूंना बिघाडाचा पत्ताही नसे.

आणि नेमके हेच कान दगा देऊ लागले. तरुणपणी आनंदराव कामठीला पॉवरलूमवर होते. तिथल्या खडखडाटात बोललेलं कुणालाच ऐकू जात नाही, म्हणून लूमवरची माणसं हातांनी आणि ओठांनी बोलतात. दोन बोटं फाकवली की धागा तुटला. आडवा तळहात थरथरवला की काहीतरी बिघडलंय, बंद कर. प्रेमिला तिथंच कांड्यांवर सूत भरायची. त्यांचं लग्न मोठ्यांनी जमवलं असं घरात सांगतात. असेलही, पण त्याआधी दोघांचं हातांनी बरंच बोलणं उरकलं होतं.

लूम सुटला, पण तो खडखडाट आपलं काम करून गेला होता. समोरासमोरचं बोलणं आनंदरावांना कळे, घूं मात्र कळेना. ही गोष्ट त्यांनी बायकोलाही सांगितली नाही. संध्याकाळी आता ते दारात थांबून विचारत, "चांगला चालते ना?" लोक मायेचे, घूं करणारा डबाही चांगलाच म्हणत. आनंदराव घरी येऊन गुपचूप जेवत.

अशात सीताबर्डीचे दुकानदार रुपराव आले. "शंभर डबे पाहिजेत मले," ते म्हणाले. "काटोलपर्यंत मागणी आहे. पण एकेक डबा तू सोता आयकून पास केलेला पाहिजे. तुह्या कानावर इकून राहिलो मी."

आनंदरावांनी हो म्हणावं तर खोटं, नाही म्हणावं तर आयुष्यात एकदाच दारात आलेलं काम परत जाणार.

रविवारी रुपराव तीन तऱ्हेचे तीन रेडिओ घेऊन नमुना बघायला आले. आनंदरावांनी एकेकात डबा लावला. तिन्ही बोलले. तिसऱ्यावर गाणं लागलं.

"कसा काय?" रुपरावांनी विचारलं.

"एकदम साफ," असं म्हणत आनंदरावांनी वर पाहिलं. रुपरावांच्या पाठीमागे, स्वयंपाकघराच्या दारात प्रेमिला उभी होती. तिने हात पुढे केला आणि आडवा तळहात थरथरवला.

कितीतरी वर्षांत ती खूण तिने केली नव्हती. आनंदराव बघतच राहिले. म्हणजे हिला ठाऊक होतं! म्हणून तर ही हल्ली चुलीपुढून उठून, समोर येऊन, तोंडावरचा पदर बाजूला करून बोलायची. आपण लपवत होतो, आणि ही आपलं लपवणं सांभाळत होती.

त्यांनी रेडिओ बंद केला. "साफ नाई, रुपराव. घूं करून राहिला. पन ते मले आयकू नाई आलं. माहे कान गेले. हिनं सांगतलं."

रुपराव वळले आणि प्रेमिलाकडे पाहत राहिले. तिने हात खाली घेतला नव्हता.

"मंग शंभर डबे आयकनार कोन?"

"मी," प्रेमिला म्हणाली.

रुपरावांनी जरा वेळ मान खाजवली. "पन्नास देजा पयले. पन कान वहिनीचाच पाहिजे मले."

त्या संध्याकाळी बातम्यांच्या वेळी सायकल निघाली, तेव्हा मागच्या कॅरियरवर प्रेमिला बसली होती. इंदोऱ्याने तोंडात बोटं घातली. घातली तर घातली. मागे बसलेलीचे ओठ दिसत नाहीत, म्हणून दोघांनी नवीन खूण ठरवली होती. पाठीवर एक बोट म्हणजे साफ, दोन म्हणजे घूं. आनंदराव सायकल मारत होते आणि कितीतरी दिवसांनी गल्लीतले रेडिओ त्यांना पाठीवर ऐकू येत होते. दोन दारांशी ते थांबले, डबे पिशवीत टाकले.

गल्ली संपली. पुढे मोकळं मैदान लागलं. तरी पाठीवर एक बोट टेकलं.

आनंदरावांनी सायकल थांबवली आणि मागे वळून पाहिलं. "काहून वं? इथं तं कोनाचंच घर नाई."

प्रेमिला उतरून त्यांच्या समोर आली, दिसेल अशी.

"मालूम हाय मले," ती म्हणाली. "असंच."