आबांनी वळवलेलं पाणी
मी पदवीधर झालो तो आबांमुळे, म्हणजे माझ्या मोठ्या काकांमुळे. केळीच्या कापलेल्या खोडाचा तुरट वास आला की त्यांचा चोपड्याजवळचा मळा आठवतो. मी शाळेत असताना एका वर्षी बांधाच्या भांडणातून शेजाऱ्यानं त्यांची घड धरलेली केळी विळ्यानं आडवी केली. ख्रिस्ती होण्याआधी आबा अशा वेळी कुऱ्हाड घेऊन धावायचे. या वेळी त्यांनी कुऱ्हाडीला हातही लावला नाही, तेव्हा लोक हसले, "आबा तं मेंढरू व्हई गया!" मग भर मे महिन्यात शेजाऱ्याच्या विहिरीवरची मोटर जळाली आणि त्याची बाग माना टाकू लागली. आबांनी फावडं घेतलं, बांध फोडला आणि आपल्या विहिरीचं पाणी त्याच्या बागेत सोडलं. शेजारी आपण कापलेल्या केळीच्या खुंटांकडे पाहत म्हणाला, "आबा, तुमले बठ्ठं माहीत शे ना?" "सगळं माहीत शे. पहिले पानी धर," आबा म्हणाले. तापलेल्या मातीत पाणी चरचरत शिरलं. आबा रागानं दातओठ खात होते, तरी फावडं थांबलं नाही. मी बांधावरून पाहत होतो. पुढे आबांनी मला कॉलेजात घातलं, तेव्हा धुळ्याच्या वसतिगृहातून मी त्यांना जे पत्र लिहिलं, त्यातलं एवढंच आज आठवतं: "आबा, त्या दिवशी तुमच्या हातून पाणी कुणी वळवलं ते मला कळलं. मलाही बाप्तिस्मा घ्यायचा आहे."