खरातच्या बाजूची बुरशी

"झाड कधीच एकटं उभं नसतं," डॉ. अनिल खरात माइकवरून म्हणाला आणि थांबला. सभागृह गंभीर झालं. मग टाळ्या पडल्या.

वाक्य माझं होतं. कृषी महाविद्यालयात असताना एका सेमिनारमध्ये मी ते म्हणालो होतो. तेव्हा सरांनी "वेळ संपली, बसा" म्हटलं होतं. खरात शेजारच्या बाकावर होता. त्याने वाक्य जपून ठेवलं असणार. मी ते तसंच सोडून आलो होतो.

हे तुर्भ्यातल्या एका मोठ्या कंपनीचं सभागृह. मार्च महिना, कंपनीचा 'क्लायमेट वीक' चालू. खरात आता 'सॉइल क्लायमेट स्ट्रॅटेजिस्ट' आहे. मी मातीतल्या बुरश्यांवर काम करतो आणि तुर्भ्यातच एका गाळ्यात माझी लॅब आहे. माझ्या व्हिजिटिंग कार्डावर अजून 'माती परीक्षण' एवढंच लिहिलेलं असतं.

बुरशी म्हटलं की लोकांना ओला पाव आठवतो. ही वेगळी. ही झाडाच्या मुळात शिरते आणि तिचे केसाहून बारीक धागे बाहेर मातीत लांबवर पसरतात. मूळ जिथे पोचत नाही तिथलं पाणी आणि फॉस्फरस ती आणून देते. बदल्यात झाड तिला साखर देतं. खरात याला स्टेजवरून 'निःस्वार्थ सहजीवन' म्हणाला. साखर थांबली की पुरवठाही आटतो, हे तो म्हणाला नाही.

ऊन वाढलं की हा व्यवहार बिघडतो. माती थोडी तापली तर काही बुरश्या उलट जोमाने वाढतात. पण ती फार तापली आणि कोरडी पडली की धागे वाढायचे थांबतात. झाडही पानांवरची छिद्रं मिटून बसतं, त्यामुळे साखर कमी. दोघांना एकमेकांची सगळ्यात जास्त गरज असते, नेमके तेव्हाच दोघे हात आखडतात.

कंपनीचा प्रश्न साधा होता. पश्चिमेच्या कंपाउंड वॉलला लागून बकुळीची रांग, समोर काचेची इमारत. दुपारी वरून ऊन, समोरून काचेची झळ. उन्हाळे वर्षागणिक कडक होत चाललेले. पावसाळ्यात लावलेली रोपं मे महिन्यात जळत. म्हणून गेल्या पावसाळ्यात रांगेचे दोन भाग केले. गेटकडच्या अर्ध्या रोपांना खरातची परदेशी 'हीट टॉलरंट' बुरशी, उरलेल्यांना माझी. माझी मी पारसिकच्या डोंगरातून आणून कुंड्यांमध्ये मक्याच्या मुळांवर वाढवली होती, कारण जिवंत मुळाशिवाय ती वाढतच नाही. ज्याची रोपं उन्हाळा काढतील त्याला सगळ्या कॅम्पसचं काम. ते मिळालं नाही तर मला गाळा सोडावा लागणार होता. खरातला मिळालं नाही तर त्याचं एक सेमिनार कमी होणार होतं.

मे महिन्यात नमुने घ्यायला गेलो. सोबत कंपनीचे फॅसिलिटी मॅनेजर म्हात्रे. शिरवणे गावचे. माणूस सरळ, म्हणून ऐकायला त्रासदायक.

"डॉक्टर, तुमच्या बाजूचा बगा," ते म्हणाले. "पापडासारकी पाना झाली हायत. आनि खरात सायबांचा बगा, हिरवागार."

"बघतोय."

"पानी दोनी बाजूला सारका हाय बरा. मी सोता उबा र्‍हातो."

"मी काही म्हणालो का?"

"तोंडावर दिसतय ना तुमच्या."

लॅबमध्ये मुळं अल्कलीच्या पाण्यात उकळून मऊ केली आणि व्हिनेगरमध्ये पेनाची शाई घालून रंगवली. पद्धत स्वस्त आहे आणि चांगली आहे. मुळात बुरशी असली तर सूक्ष्मदर्शकाखाली निळी झुडपं दिसतात. माझ्या मुळांत ती शोधावी लागत होती. खरातच्या मुळांत दाट जंगल.

मी खरातची स्लाइड पुन्हा मोजली. मग नवीन स्लाइड केली आणि तीही मोजली.

शीतल कांबळे माझ्याकडे लॅब सुरू झाल्यापासून आहे, म्हणून तिला मला काहीही बोलायची मुभा आहे. ती म्हणाली, "सर, परत परत बघून निळा रंग कमी नाही होणार."

"मोजणीत चूक असू शकते."

"तुमच्या स्लाइड्स एकदाच मोजल्यात. तिथे चूक नसते का?"

मी चहा मागवला. खरातची बुरशी खरंच चांगली असेल, हा विचार मी त्या दिवशी पहिल्यांदा केला. चव वाईट होती. चहा ठीक होता.

दुसऱ्या दिवशी दुपारी तीनच्या सुमारास मी मातीचा थर्मामीटर घेऊन पुन्हा गेलो. खरातच्या बाजूला काहीतरी कपट सापडेल, अशी आशा होती. माझ्या रोपांजवळ थर्मामीटर खोचला. माणसाला इतका ताप असता तर थेट आयसीयूत घातला असता. मग खरातच्या बाजूला खोचला. तिथे जेमतेम कणकण होती.

मी वर पाहिलं. मी सावलीत उभा होतो.

क्लायमेट वीकसाठी कंपनीने गेटकडच्या भिंतीवर लोखंडी फ्रेम उभारून प्रचंड फ्लेक्स लावला होता. त्यावर खरात हात बांधून क्षितिजाकडे पाहत होता. सूर्य कलला की त्याची सावली बरोबर त्याच्याच रोपांवर पडत होती. मार्चपासून रोज. बुरशीला गारवा आणि ओल मिळत होती, तीही खरातच्या चेहऱ्यामुळे.

मला इतका आनंद झाला की मी म्हात्रेंना फोन करून उन्हात बोलावलं.

"हा फ्लेक्स आजच काढा. सगळी ट्रायल बिघडवलीय याने."

"काडू कसा? कोपर्‍यात डायरेक्टर मॅडमचा फोटो हाय." कोपऱ्यात खरंच होता. "मॅडमचा फोटो उतरवला तर मना उतरवतील."

"क्लायमेट वीक संपून दोन महिने झाले की हो!"

"आमच्या गावात वाडदिवसाचा फ्लेक्स पुडच्या वाडदिवसालाच उतरतो, डॉक्टर." मग त्यांनी पिवळ्या पडलेल्या माझ्या बकुळीकडे पाहिलं. "आनि काडला तर ही पन जलतील ना? मंग तुमी जिंकलं काय नि हरलं काय?"

खरातची रोपं जळताना मला डोळ्यांसमोर दिसली होती, आणि ते दृश्य वाईट नव्हतं.

"त्यापेक्षा तुमचा पन एक लावू," म्हात्रे म्हणाले. "दोनी बाजू सारक्या."

"माझा फ्लेक्स?"

"बिनफोटोचा फ्लेक्स कोन पास करील?"

ट्रायल निदान इथून पुढे तरी बरोबरीत यावी, म्हणून मी होकार दिला. फोटो शीतलने मोबाइलवर काढला. हात बांधायचे नाहीत, हे मी आधीच ठरवलं होतं. मोकळ्या हातांचं काय करायचं ते सुचेना, म्हणून बांधले. आठवड्याच्या आत मी भिंतीवर आलो, खरातपेक्षा थोडा मोठा. मापं मीच दिली होती.

त्याच संध्याकाळी खरातचा फोन आला. "काय रे, फ्लेक्स? तुला तर असल्या गोष्टींचा तिटकारा होता."

"वैज्ञानिक कारण आहे."

"माझंही वैज्ञानिकच होतं," तो हसून म्हणाला. "छान दिसतोस. थोडा रागावलेला वाटतोस."

जून लागला तोवर माझ्या बकुळीला नवी पालवी फुटली. मुळं पुन्हा रंगवली, निळी झुडपं परत आली होती. मी रिपोर्टमध्ये सगळं लिहिलं: सावली, तापमान, फ्लेक्स. फरक बुरशीचा नव्हता, तापलेल्या मातीचा होता. माती गार राहिली तर झाड आणि बुरशी आपलं आपण बघून घेतात.

डायरेक्टर मॅडमनी रिपोर्ट खरोखर वाचला. मीटिंगमध्ये त्यांनी एकच प्रश्न विचारला, "म्हणजे फक्त सावली हवी होती?"

खरात खाकरला. मी "हो" म्हणालो. त्या 'हो'ने खरातचं काम जाईल हे मला कळत होतं. माझंही जाईल, हे बोलून झाल्यावर कळलं.

कॅम्पसचं काम घणसोली गावातल्या एका शेड-नेटवाल्याला मिळालं. लॅबचं सामान आता शीतलच्या सोसायटीतल्या एका बंद गॅरेजमध्ये आहे. धडा घ्यायचाच तर इतकाच, की स्पर्धकाची चूक शोधताना आपला धंदा कशावर उभा आहे, ते आधी पाहावं.

सामान हलवण्यापूर्वी आम्ही दोन्ही बाजूंची माती चाळून बुरशीचे बीजाणू वेगळे केले. बीजाणूंच्या रंगा-आकारावरून जात ओळखता येते. माझ्या बुरशीचे मधाच्या रंगाचे असतात, खरातच्या परदेशी बुरशीचे पांढरे. दोन्ही बाजूंना सापडले ते सगळे गडद तपकिरी. ही जात रोपांच्या पिशव्यांतल्या मातीबरोबर नर्सरीतून आली होती.