इन्शिराह बाईंचा गंधार

आमच्या छोट्या कॉलेजच्या संगीत विभागातून त्या साली अकरा जण पदवी घेऊन बाहेर पडले. त्यांतलं एकही नाव तुमच्या कानावर आलेलं नसणार, तेव्हा आठवत बसू नका. एक कुवेतला गेला, तिथं श्रीमंतांच्या पोरांना टाळ्या वाजवायला शिकवतो. दोघींची लग्नं झाली आणि त्यांचे ऊद, म्हणजे आमची ती फुगीर पोटाची तंतुवाद्यं, कपाटावर गेले ते गेलेच. एकानं मोबाइलचं दुकान टाकलं. शुक्रीला चार वर्षांत सूर कशाशी खातात ते कळलं नाही, तो शिक्षण खात्यात संगीताचा निरीक्षक झाला. आणि मी, खलफ. लग्नांत ऑर्गन वाजवायचो, उरल्या वेळात मल्लावीच्या बाजारात अकॉर्डियन दुरुस्त करायचो. पण मला सांगायचंय ते अकराव्या इन्शिराहबद्दल. बाकीचे आम्ही तोंडी लावण्यापुरते.

इन्शिराहला जो कान होता तो आमच्यात कुणाला नव्हता, आम्हाला शिकवणाऱ्यांनाही नव्हता. नाईल नदी ओलांडायला आम्ही तरीच्या नावेत बसायचो, तेव्हा नुसत्या इंजिनाच्या घरघरीवरून ती सांगायची, "आज हसनची नाव नाही, ही पाव सुरानं खाली आहे." आम्ही हसायचो. जवळ जाऊन बघावं तर खरंच दुसरी नाव. एकदा वर्गात आमचे म्हातारे उस्ताद वाजवत असताना ती मागच्या बाकावरून म्हणाली, "सर, तिसरी तार." उस्तादांनी तिच्याकडं रागानं पाहिलं, तार चाचपली, खुंटी पिळली आणि पुढं वाजवायला लागले. त्या दिवसापासून ऊद जुळवून झाला की ते आधी तिच्याकडं बघायचे.

तिला नोकरी लागली ती नदीपलीकडं, इज्बत शलबीच्या शाळेत. हंगामी. रोज सकाळी पोरांच्या रांगा लागल्या की गळ्यात अकॉर्डियन अडकवून राष्ट्रगीत वाजवायचं, मग दिवसभर वर्ग. एकदा लग्न ठरलं होतं तिचं. नवरामुलगा म्हणाला, असलं खोकं गळ्यात घालून चारचौघांत उभं राहायचं नाही. हिनं अंगठी परत पाठवली. घरी ती आणि तिची आई, दोघीच. तिला एकच गोष्ट हवी होती: नोकरी कायम व्हावी. त्यासाठी निरीक्षकाचा चांगला शेरा लागायचा. अकरा वर्षं ती त्या शेऱ्याची वाट बघत होती.

बाराव्या वर्षी कळलं की वसंतात तपासणी आहे आणि तपासायला शुक्री येणार आहे.

त्या गुरुवारी शाळा सुटल्यावर ती अकॉर्डियनचं खोकं उचलून माझ्या दुकानात आली. आनंदानं तिला धड बसवेना. "खलफ, या वेळी मी पोरांकडून त्यांच्या गावची गाणी बसवून घेणार आहे. मेंदीची, कापणीची. शुक्रीला म्हणावं, ऐक! पण हे खोकं आडवं येतं रे. पोरं गातात एक आणि हे म्हणतं दुसरंच."

ती काय म्हणतेय ते मला लगेच कळलं. आमच्याकडच्या गाण्यांत गंधार आणि निषाद जरासे उतरलेले असतात. कोमलही नव्हेत, शुद्धही नव्हेत, मधलेच. अकॉर्डियन परदेशात बनतं, त्यात हे सूर नसतात. मग आम्ही दुरुस्तीवाले ते उघडतो, आतली पोलादी पाती मुळाशी कानशीनं हळूच घासतो, म्हणजे सूर खाली येतो. एकेका पट्टीमागं पात्यांच्या दोन रांगा असतात. वरचं बटण दाबून कुठली रांग वाजवायची ते ठरवता येतं.

"एकच रांग घास हं," ती म्हणाली. "दुसरीला हात लावू नकोस. ती राष्ट्रगीताला हवी. एका बटणावर सरकार, दुसऱ्या बटणावर आमची आजी."

"मला शिकवतेस? तू जन्मली नव्हतीस तेव्हापासून घासतोय."

"आपण एकाच वर्गात होतो, मेल्या!"

दुसऱ्या दिवशी शुक्रवारची सुट्टी, मी पाती घासायला बसलो. लग्नाच्या बँडवाल्यांची अकॉर्डियनं मी शेकड्यांनी घासली होती, आणि बँडवाल्याला दोन्ही रांगा उतरवूनच लागतात. लग्नात शुद्ध गंधार हवाय कुणाला? संध्याकाळी अबू कुरकासला वाजवायला जायचं होतं, घाई होती, डोक्यात भलतंच चाललेलं. हात आपले सवयीनं चालत राहिले. पहिली रांग झाली आणि मी दुसरीही घासून मोकळा झालो, जाता जाता खोकं तिच्या घरी पोचवलं.

शनिवारी ती खोकं घेऊन शाळेऐवजी थेट दुकानात आली. चेहरा उतरलेला.

"दोन्ही घासल्यास?"

मी खोकं उघडून पाहिलं आणि माझ्या पायांखालची वाळू सरकली. पण कबूल करेन तर मी कसला! म्हटलं, "कुणाला कळतंय? सरकारी कानांना? तो शुक्री तर औताच्या रेड्यासारखा बहिरा."

"शुक्रीला नाही कळलं तरी मला कळतं ना. राष्ट्रगीत लग्नघरातल्या गाण्यासारखं वाजतंय रे."

"बरं बाई, चढवून देतो. टोकाला घासलं की सूर परत वर येतो. नाजूक काम आहे, घाईनं पातं तुटायचं. या शुक्रवारी करतो."

त्या शुक्रवारी मला ताप होता. पुढच्या शुक्रवारी मामाकडं जावं लागलं. मग रमजानच्या आधीचे दिवस आले. त्या दिवसांत आमच्याकडं सगळ्यांनाच लग्नं उरकायची घाई असते आणि ऑर्गनवाल्याला श्वास घ्यायला सवड नसते. दर गुरुवारी ती खोकं उचलून तरीनं नदी ओलांडून यायची, आणि दर गुरुवारी मी म्हणायचो, "या शुक्रवारी नक्की करतो." ती कधी रागावली नाही. रागावली असती तर बरं झालं असतं, मी लाजेनं तरी केलं असतं. शनिवारी खोकं तसंच पुन्हा उचलताना ती एवढंच म्हणायची, "बघ हं, खलफ."

शाळेत तिनं आधी ते दोन सूर गाळून वाजवायचा प्रयत्न केला. मुख्याध्यापक ओरडले, "बाई, हे काय बोबडं वाजवताय? नीट वाजवा!" मग तिनं तसंच वाजवायला सुरुवात केली. पोरांना काय, जे ऐकलं ते गायचं. चार महिने रोज सकाळी तीनशे पोरं उतरलेल्या गंधारानं राष्ट्रगीत गात होती, आणि इन्शिराह वहीत दिवस मोजत होती, तपासणीला अजून किती अवकाश आहे म्हणून.

तपासणी ठरल्या वेळेआधीच आली. न सांगता. सकाळी रांगा उभ्या आणि फाटकातून शुक्री आत येतोय, सोबत जिल्ह्याचा कुणी मोठा साहेब. इन्शिराहनं पटकन ढोल उचलला, म्हणाली, आज ढोलावरच म्हणवून घेते. साहेब म्हणाले, "का? अकॉर्डियन समोर आहे की." मग ती काय करणार? तिनं खोकं गळ्यात अडकवलं.

साहेबांना गाण्यातलं काही कळत नव्हतं, पण लष्करातून निवृत्त झालेला माणूस, राष्ट्रगीत त्याला बरोबर पाठ होतं. दुसऱ्याच ओळीला त्यानं मान वळवली. तिथंच, पोरांसमोर विचारलं, "हा काय खेळ लावलाय? वाद्याला हात कुणी लावला?"

"मी," इन्शिराह म्हणाली. "मीच घासली पाती."

सरकारी वाद्याची मोडतोड आणि वर राष्ट्रगीताचा अपमान, असा शेरा पडला. उन्हाळ्यात तिचा करार संपला तो पुन्हा झाला नाही. गावच्या गाण्यांचा कार्यक्रम कुणी ऐकलाच नाही.

मला हे सगळं तरीवाल्याकडून कळलं. मी धावत तिच्या घरी गेलो. म्हटलं, मी जातो, सांगतो खरं काय ते. ती भांडी घासत होती, मागं वळलीसुद्धा नाही. "जिल्ह्यातल्या सगळ्या शाळांच्या वाद्यांची दुरुस्ती तुझ्याकडं येते. तीही घालवणार आहेस? बस. चहा घे." मी बसलो. चहा घेतला. पुदिना घालून केलेला, गोड. उठून जायला हवं होतं, फिर्याद द्यायला हवी होती माझ्या स्वतःविरुद्ध. नाही गेलो. पोटाचा विचार केला आणि मनाला म्हटलं, तिनंच तर अडवलं.

पुढं तिला आमच्याच कॉलेजसमोर झेरॉक्सच्या दुकानात काम मिळालं. संगीताची पोरं स्वरलिपीचे कागद घेऊन यायची. मशीनवर कागद ठेवताना ती ओठांत गुणगुणायची आणि म्हणायची, "बाळ, तिसऱ्या ओळीत तुझ्या सरांनी चूक केलीय बघ." पोरं हसायची. काही जण घरी जाऊन वाजवून बघायची आणि दुसऱ्या दिवशी नवे कागद आधी तिच्यापुढं धरायची. मी त्या रस्त्यानं जाणंच टाळायचो. कधी गाठ पडली तर ती नेहमीसारखी हसायची, विचारायची, "कसलं काम चाललंय?" त्या अकॉर्डियनबद्दल तिच्या तोंडून पुन्हा एक शब्द निघाला नाही. माझ्याही नाही.

दोन वर्षांमागं, थंडीत, मूत्रपिंडांनी दगा दिला आणि ती गेली. सत्तेचाळीस वर्षांची. आई तिच्या आधी गेली होती.

गल्लीत खुर्च्या मांडल्या होत्या. कुराणपठण चालू होतं. बिनसाखरेची कॉफी फिरत होती. माझ्या शेजारच्या खुर्चीत शुक्री येऊन बसला. केस पिकलेले, जाड भिंगांचा चष्मा. पठण थांबलं तेव्हा तो हळूच म्हणाला, "तिनं सांगितलं, पाती मी घासली. मला तेव्हाच कळलं होतं की खोटं आहे. कानस धरायला यायची का तिला? आपल्या वर्गात ते काम एकालाच यायचं."

मी फिरत्या तबकातून कॉफीचा कप उचलला.

"साहेब शेजारी उभा होता, मी गप्प बसलो," तो म्हणाला. "आणि मग महिनाभर वाट बघितली. म्हटलं, खलफ येईल माझ्याकडं. तू आला असतास तर मी कागद परत उघडला असता, खलफ. का नाही आलास रे?"

ज्याला आम्ही जन्मभर बहिरा म्हणून हिणवलं, त्याला सगळं ऐकू आलं होतं. मी कॉफीचा कप तसाच ठेवला आणि उठलो. घरी आलो आणि बायकोसमोर लहान पोरासारखा रडलो. ती विचारत राहिली, कोण लागत होती ती तुमची? चाळीस दिवस मी एकाही लग्नाची सुपारी घेतली नाही. त्यानं काय होणार होतं?

आता अकॉर्डियन कुणी वाजवत नाही. शाळांत राष्ट्रगीतसुद्धा ध्वनिक्षेपकावर लागतं. माझं काम तेच, आता ध्वनिक्षेपक दुरुस्त करायचे. गेल्या महिन्यात इज्बत शलबीच्या शाळेचं बोलावणं आलं. इतकी वर्षं मी त्या गावी जायचं टाळलं होतं. या वेळी नाही म्हणता आलं नाही.

सकाळी सकाळी तरीनं पोचलो. यंत्र उघडून बसलो, वीज बंद केली. बाहेर पोरांच्या रांगा लागल्या. नवे मुख्याध्यापक खिडकीतून डोकावले, कारागिराला मारतात तशी हाक मारली. "उस्ता, व्हायला किती वेळ?"

"थोडा लागेल."

"बरं. हनादी बाई, आज तोंडीच म्हणवून घ्या!"

हनादी बाई म्हणजे विशीतली पोरगी, तिथलीच, तासावर काम करणारी. तिनं हात वर केला आणि पोरं गायला लागली. दुसऱ्या ओळीला मी पेचकस खाली ठेवला. गंधार उतरलेला होता. निषादही. तीनशे गळ्यांतून, एकसुरात, जराही न चुकता. पातं घासताना मी जिथं थांबलो होतो, बरोबर तिथंच.

गाणं संपलं. मी खिडकीतून हनादीला बोलावलं. "पोरी, हे असं कुणी शिकवलं तुला?"

"असं म्हणजे कसं?" ती गोंधळली. "मी पहिलीत होते तेव्हा इन्शिराह बाईंनी शिकवलं. आमच्या गावात सगळे असंच म्हणतात. आया पोरांना असंच शिकवतात. ते यंत्रातलंच जरा बेसूर वाटतं, पण सांगणार कुणाला?" मग जरा थांबून म्हणाली, "तुम्ही ओळखत होता बाईंना?"

"एका वर्गात होतो," मी म्हणालो.

यंत्रात फक्त एक तार सुटली होती. दोन मिनिटांचं काम. मुख्याध्यापक आत आले. "काय उस्ता, झालं का?"

मी झाकण लावलं, पिशवी उचलली. "नाही झालं. भाग आणावा लागेल. शुक्रवारी येतो."

"शुक्रवारी शाळा बंद असते की!"

"तेच बरं," मी म्हणालो. "निवांत होतं."

त्यानंतर चार शुक्रवार गेले. मुख्याध्यापकांचा दर आठवड्याला फोन येतो. मी म्हणतो, या शुक्रवारी नक्की करतो.